जुनी मोटार, रोजचा रस्ता

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून 'प्रीमियर पद्मिनी'ची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि एका युगाची सांगता झाली. निरोपाचे लेख लिहिले गेले, छायाचित्रे काढली गेली. मात्र या हळव्या गलबल्यात एक गैरसमज रूढ होऊन बसला. पद्मिनी मोटारच आता बेकायदा ठरली आहे, असे अनेकांना वाटू लागले. वस्तुतः वीस वर्षांची मर्यादा टॅक्सीला होती, मोटारीला नव्हे. खासगी मालकीची, नोंदणीचे नूतनीकरण केलेली पद्मिनी आजही दादरहून फोर्टला किंवा कोथरूडहून शिवाजीनगरला जाऊ शकते.

प्रश्न आहे तो जाऊ शकते का, हा नव्हे. रोज जाऊ शकते का, हा आहे. रविवारी सकाळी हौसेने बाहेर काढायची मोटार आणि सोमवार ते शनिवार कामावर नेणारी मोटार, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला चकाकी पुरते, दुसरीला भरवसा लागतो. वडिलांनी घेतलेली पद्मिनी, निवृत्तीच्या पैशांतून आलेली अँबॅसिडर किंवा घरातली पहिली मोटार म्हणून आलेली 'मारुती ८००' अनेक घरांच्या वाहनतळावर अजून उभी आहे. ती विकावी, भंगारात द्यावी, की वापरात ठेवावी? याचे उत्तर भावनेवर सोडण्याऐवजी कायदा, खर्च, यंत्र आणि सुरक्षितता या चार कसोट्यांवर तपासून पाहिले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ते पाच पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत 'नमुना २५' मध्ये अर्ज करावयाचा असतो. अशी किती नूतनीकरणे घ्यावीत, यावर केंद्रीय कायद्यात खासगी मोटारीसाठी सरसकट वयोमर्यादा घातलेली नाही. मोटार तपासणीत उतरली पाहिजे, एवढीच अट आहे.

शुल्क मात्र वाढत गेले आहे. पूर्वी सहाशे रुपयांत होणारे मोटारीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी हे शुल्क दहा हजार रुपये केले. त्याखेरीज महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांवर २०१० पासून पर्यावरण कर आहे. मुदत टळल्यास विलंबशुल्कही भरावे लागते. म्हणून प्रमाणपत्रावरील तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवणे हे मालकाचे पहिले कर्तव्य होय. नोंदणी संपलेली मोटार रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हा धोका दंडाच्या रकमेहून कितीतरी मोठा आहे.

दुसरा गोंधळ दिल्लीच्या नियमांवरून होतो. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना बंदी घालणारे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि त्यांवर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरापुरते होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून कठोर कारवाई करू नये, असे सांगितले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते संरक्षण 'भारत स्टेज चार' व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. महाराष्ट्रातील खासगी मोटारींना हे आदेश लागू नाहीत. दिल्लीची बातमी वाचून पुण्यातील मोटार भंगारात काढण्याचे कारण नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. तेथे एक मेख आहे. अशी नोंदणी घेतलेली मोटार प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती वा इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते; नित्य वापरास तिला मनाई आहे. तेव्हा १९७० च्या दशकातील मोटार रोज चालवायची असेल, तर तिची साधी नोंदणीच नूतनीकृत करीत राहावे. मानाच्या पाटीच्या मोहात पडू नये.

याशिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविणे बंधनकारक आहे. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र जुन्या मानकांच्या मोटारींना दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. त्रयस्थ व्यक्तीचा विमा तर कोणत्याही वयाच्या मोटारीला अनिवार्यच आहे.

खर्चाचे गणित

'जुनी मोटार खर्चात पाडते' हे विधान अर्धे खरे आहे. नवी मोटारही खर्चात पाडतेच. फक्त तो खर्च गॅरेजच्या बिलावर दिसत नाही. विमा व्यवसायात मोटारीची घोषित किंमत ठरविताना जे घसारा-कोष्टक वापरले जाते, त्यानुसार पाचव्या वर्षाअखेर मोटारीचे मूल्य निम्म्यावर येते. म्हणजे सात लाखांची मोटार पाच वर्षांत साडेतीन लाख रुपये गमावते. वर्षाला सत्तर हजार. कर्जाचे व्याज निराळे.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, वर्षाकाठी सहा हजार कि.मी. प्रवास होतो. जुनी मोटार शहरात लिटरमागे अकरा आणि नवी सोळा कि.मी. जाते असे धरले, तर जुनीला सुमारे ५४५ आणि नवीला ३७५ लिटर पेट्रोल लागेल. फरक १७० लिटरचा. शंभर रुपये दराने तो सतरा हजार रुपये होतो. जुनीच्या देखभालीला वर्षाला चाळीस हजार आणि नवीच्या देखभालीला दहा हजार धरले, तर आणखी तीस हजारांचा फरक पडतो. एकूण सत्तेचाळीस हजार. घसाऱ्याच्या सत्तर हजारांपुढे जुनी मोटार अजूनही स्वस्त ठरते.

परंतु हाच प्रवास वर्षाला पंधरा हजार कि.मी. झाला, तर पेट्रोलचाच फरक बेचाळीस हजारांवर जातो आणि देखभालीचा फरक मिळवला की सारी बचत संपते. त्यातच झीज वाढल्याने देखभालीचा आकडाही चाळीस हजारांवर थांबणार नाही. निष्कर्ष सरळ आहे. ज्याचे रोजचे अंतर पंधरा-वीस कि.मी. आहे, त्याला जुनी मोटार परवडते. ज्याला रोज पनवेल ते अंधेरी गाठायचे आहे, त्याला ती परवडत नाही. शिवाय पाच-सात वर्षे वापरलेली, घसारा सोसून झालेली मोटार विकत घेणे हा तिसरा पर्यायही असतो, हे विसरता कामा नये.

या हिशेबात एक अट गृहीत आहे. देखभालीचे चाळीस हजार रुपये खरोखर खर्च झाले पाहिजेत किंवा बाजूला ठेवले पाहिजेत. 'या वर्षी काही बिघडले नाही, म्हणजे पैसे वाचले' असे जुन्या मोटारीच्या बाबतीत कधीच नसते. ते काम फक्त पुढच्या वर्षावर ढकललेले असते.

साधे यंत्र, सततची निगा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती तयार होत असे. १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर बनणारी अँबॅसिडर २०१४ पर्यंत तयार होत होती. डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेली 'मारुती ८००' देखील २०१४ सालीच थांबली. या तीन मोटारींपैकी पहिल्या दोघींचे यंत्र आणि कार्बोरेटर असलेली जुनी मारुती यांचा स्वभाव आजच्या मोटारींहून मुळातच निराळा आहे.

आजच्या मोटारीत संगणक दर क्षणी हवा व इंधनाचे प्रमाण ठरवितो. जुन्या मोटारीत हे काम कार्बोरेटरमधील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे जेट, करतात. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवितात. पॉइंट म्हणजे क्षणाक्षणाला उघडझाप होणारे धातूचे दोन तुकडे. ते घासतात, जळतात, त्यांच्यातील अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेली फट बदलते आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडू लागते. मोटार सुरू व्हायला कुरकुरते, धक्के देते, पेट्रोल जास्त पिते. म्हणजे मोटार म्हातारी झाली असे नव्हे. दोन हजार कि.मी. वर पाहावयाची फट पाच हजारांवरही पाहिली गेली नाही, एवढेच. फीलर गेज हे साधे हत्यार आणि अर्धा तास यांत हे काम होते. रोजच्या वापरासाठी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसविला, तर ही कटकटच संपते.

जुन्या मोटारीची निगा म्हणजे बिघाड झाल्यावर दुरुस्ती नव्हे, तर ठरलेल्या वेळी ठरलेले काम. आठवड्यातून एकदा, यंत्र थंड असताना बोनेट उघडून ऑइल, रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑइल आणि फॅन बेल्टचा ताण पाहावा. मोटार हलविल्यावर तिच्या खालच्या जमिनीकडे नजर टाकावी. तेथे पडलेला थेंब पाण्याचा आहे, ऑइलचा आहे की पेट्रोलचा, हे ओळखता येणे ही मालकाची अर्धी विद्या होय. दर पाच हजार कि.मी. वर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावेत. अंतर तेवढे झाले नाही तरी वर्षातून एकदा बदलावेतच; कारण थोड्या अंतराच्या प्रवासात यंत्र पुरते तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा व इंधन मिसळत राहते. पद्मिनी आणि अँबॅसिडर यांच्या चाकांमागील सांध्यांना ग्रीस भरण्याची तोंडे असतात. आजच्या मोटारींत ती नसल्याने तरुण मेकॅनिकला त्यांची आठवण राहत नाही. ग्रीस न मिळालेला सांधा आधी कुरकुरतो, मग झिजतो आणि शेवटी स्टिअरिंग सैल करतो.

तापणे आणि अडणे

उन्हाळ्यात सिग्नलवर बंद पडलेली पद्मिनी आणि तिच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकणारा चालक हे मुंबईकरांचे एके काळचे परिचित दृश्य होते. त्यामागे 'व्हेपर लॉक' हे कारण असे. यंत्राला जोडलेला यांत्रिक पंप आणि त्याची नळी तापली की आतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला असल्याने वाफेपुढे निरुपाय होतो. ओले फडके हा उपाय वेळ मारून नेतो. कायमचा उपाय म्हणजे नळीचा मार्ग सायलेन्सरच्या नळापासून दूर नेणे आणि पंप व यंत्र यांमध्ये मूळचा उष्णतारोधक जाड थर शाबूत ठेवणे.

मोटार गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे. थर्मोस्टॅट ही पाण्याचा प्रवाह उघडणारी-मिटणारी झडप होय. यंत्र योग्य तापमानाला लवकर पोहोचावे, हे तिचे काम. ती काढली की यंत्र बराच काळ थंड राहते, पेट्रोल जास्त जळते आणि ऑइल लवकर खराब होते. खरा दोष बहुधा क्षाराने भरलेल्या रेडिएटरमध्ये किंवा सैल फॅन बेल्टमध्ये असतो. रेडिएटरमध्ये नळाचे वा बोअरवेलचे जड पाणी न घालता शुद्ध पाणी आणि गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण घातले, तर तो दोष उद्भवण्यापूर्वीच टळतो.

नव्या पेट्रोलचा जुना प्रश्न

जुन्या मोटारींवर इंधनाने आणलेले हे दुसरे संकट. पहिले १ फेब्रुवारी २००० रोजी आले. त्या दिवसापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. शिशाचा विषारी धूर थांबला, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. मात्र ओतीव लोखंडाचे हेड असलेल्या जुन्या इंजिनांत शिसे हे झडपांच्या बैठकींना वंगणासारखे संरक्षण देत असे. त्या बैठकी झिजू लागल्यावर त्या जागी कठीण धातूच्या कड्या बसविणे हा उपाय रूढ झाला. जुन्या अँबॅसिडरचे हेड उघडण्याची वेळ आली, तर या कड्या बसविलेल्या आहेत की नाहीत, हे अवश्य विचारावे.

दुसरे संकट इथेनॉलचे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. आयात तेलावरील खर्च आणि उसाचे अर्थकारण यांच्या दृष्टीने या धोरणाची बाजू आहेच. पण जुन्या मोटारीच्या मालकाने तीन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींची इंधनक्षमता वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. दुसरी गोष्ट, इथेनॉल जळायला कमी हवा लागते. संगणक असलेली मोटार हा बदल काही मर्यादेत सावरून घेते. कार्बोरेटर घेऊ शकत नाही. त्याचे जेट ठरावीक मापाचे असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. यंत्र गरम चालते, सकाळी सुरू होण्यास कां-कूं करते आणि वेग वाढविताना अडखळते. जाणकाराकडून जेट किंचित मोठे करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरावर परिणाम करते. नळ्या फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग यांचेही तेच होते. चिरलेल्या नळीतून झिरपणारे पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरच्या नळावर पडले, तर मोटार पेट घेऊ शकते. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीची, 'एसएई जे३० आर९' असा छाप असलेली, बसवून घ्यावी. तिचा खर्च मोटारीच्या एका टाकी पेट्रोलहून फारसा अधिक नसतो. मोटारीत अग्निशामक नळकांडे ठेवावे आणि ते डिकीत नव्हे, तर चालकाच्या हाताशी असावे.

इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. मोटार महिनोन्महिने उभी राहिली, तर पाणी तळाशी साचून टाकी आतून गंजते आणि टाकीतील जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. येथे रोज चालणाऱ्या मोटारीला एक लाभ आहे. तिच्यातील पेट्रोल शिळे होत नाही. इंधनाच्या बाबतीत रोजची मोटार ही उभ्या मोटारीपेक्षा अधिक निरोगी असते.

ब्रेक : येथे तडजोड नाही

यंत्र बंद पडले तर मोटार थांबते. ब्रेक निकामी झाले तर थांबत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम ब्रेकपासून सुरू झाला पाहिजे. पुष्कळ जुन्या मोटारींत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सर्वांना मिळून एकच तेलवाहिनी असते. तिच्यात कोठेही गळती झाली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढील आणि मागील चाकांची वाहिनी स्वतंत्र ठेवण्याची व्यवस्था नंतरच्या काळातील आहे.

ब्रेक ऑइलही हवेतील पाणी शोषते. पाणी मिसळलेले ऑइल घाटात तापले की उकळते, त्याची वाफ दबते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. एक सोपी चाचणी घरीच करता येते. उभ्या मोटारीत पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले आहे किंवा कोठे तरी गळती आहे. अशी मोटार त्या दिवशी रस्त्यावर आणू नये. खंडाळ्याचा वा कशेडीचा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये मोटार चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि यंत्राचा रोध वापरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

टायरचे आयुष्य केवळ नक्षीवरून ठरत नाही. त्याच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी चालणाऱ्या मोटारीच्या टायरवर नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक होऊन भेगा पडलेल्या असतात. सहा वर्षांनंतर त्यांची बारकाईने तपासणी करावी. दहा वर्षांचे टायर दिसायला कितीही चांगले असले तरी बदलावेत.

सुरक्षिततेबाबत एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. 'जुन्या मोटारींचा पत्रा जाड, म्हणून त्या सुरक्षित' ही समजूत चुकीची आहे. धडकेत मोटारीचा पुढचा भाग चुरगळून आघात शोषून घेतो आणि आतील माणसे वाचतात, हे आधुनिक रचनेचे तत्त्व आहे. जुन्या मोटारीत तशी रचना नाही, एअरबॅग नाहीत, चाके जाम होऊ न देणारी ब्रेक-प्रणाली नाही. जाड पत्रा टिकतो, पण आघात माणसांपर्यंत पोहोचतो. आसनपट्टे नसतील तर भक्कम जागी जोडून ते बसवून घ्यावेत. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या प्रवाहात साठ-सत्तरच्या वेगाने जुनी मोटार नेण्यापेक्षा जुना मुंबई-पुणे रस्ता बरा. लहान मुलांना रोज शाळेत सोडण्यासाठी नवी मोटार घरात असेल, तर तीच वापरणे शहाणपणाचे.

गंज हाच खरा शत्रू

यंत्र पुन्हा उभे करता येते. कुजलेला पत्रा फार महाग पडतो. कोकण किनारपट्टी आणि मुंबईतील खारी हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. पद्मिनीसारख्या मोटारीत स्वतंत्र सांगाडा नसतो. पत्र्याची काया हाच तिचा कणा. त्यामुळे तळ, दारांखालची पट्टी आणि चाकांवरील कमानी गंजल्या, तर प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

पावसाळ्यापूर्वी दारांच्या खालच्या कडेची पाणी वाहून जाण्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत, काचांभोवतीची रबरे पाहावीत आणि तळाला गंजरोधक लेप द्यावा. पावसात पायांखालचे गालिचे ओले राहू देऊ नयेत; तळ गंजतो तो बहुधा वरून, आतून. पावसाळा संपल्यावर मोटारीचा खालचा भाग दाबाच्या पाण्याने धुवून चिखल काढावा. गंजलेल्या जागी पुटीन भरून रंग मारणारा कारागीर स्वस्त पडतो, पण वर्षभरच. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणारा कारागीर महाग वाटतो, पण तो एकदाच लागतो. मोटार विकत घेताना लोहचुंबक बरोबर न्यावा. जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्रा नाही, पुटीन आहे.

जुनी वायरिंगही याच काळात दगा देते. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तारांवरील वेष्टन ठिसूळ होते. प्रखर दिवे, मोठा हॉर्न, संगीत यांसाठी मूळ तारांना जोड देत जाणे धोक्याचे आहे. प्रत्येक वाढीव उपकरणाला स्वतंत्र फ्यूज आणि दिव्यांना रिले असावा.

सुटे भाग आणि मिस्त्री

जुनी मोटार रोज चालविण्याचे भवितव्य अखेर दोन गोष्टींवर ठरते. भाग मिळतो का आणि तो बसविणारा हात मिळतो का? मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर आणि कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार येथे अजूनही शोधाशोध केल्यास पुष्कळ काही हाती लागते. मारुतीचे भाग विपुल आहेत, अँबॅसिडरचे बऱ्यापैकी, पद्मिनीचे दिवसेंदिवस दुर्मीळ. त्यामुळे लवकर झिजणाऱ्या भागांचा छोटा साठा घरी करावा : फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, प्लग, पंपाचा पडदा, रेडिएटरच्या नळ्या, ब्रेकची रबरे, क्लच प्लेट. मात्र रबरी वस्तू दहा वर्षांच्या साठ्यातल्या घेऊ नयेत. न वापरताही रबर म्हातारे होते.

कार्बोरेटर कानाने जुळविणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याकडील तरुण हात संगणकीय यंत्र लावून दोष वाचण्यास शिकले आहेत आणि जुन्या मोटारीला ते यंत्र लावण्याची सोयच नाही. म्हणून मालकाने एक वही ठेवावी. काय बदलले, केव्हा, किती कि.मी. वर, कोणत्या मापाचे. मिस्त्री बदलला तरी मोटारीचा इतिहास हरवत नाही आणि ठराविक अंतराने पुन्हा येणारा बिघाड त्या वहीतूनच ओळखता येतो.

धुराचा हिशेब

जुनी मोटार वापरणे हे पर्यावरणाच्या विरुद्ध आहे काय? नवी मोटार तयार करताना पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच यांच्या निर्मितीत बरीच ऊर्जा खर्च होते, हे खरे. वर्षाला थोडे चालणाऱ्या मोटारीचे आयुष्य वाढविले, तर तो खर्च लांबणीवर पडतो. पण शहराच्या हवेचा हिशेब वेगळा आहे. चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक १९९५ पासून सक्तीचा झाला. त्यापूर्वीच्या मोटारीत तो नाही. प्रदूषण तपासणीतही हा फरक मान्य केलेला आहे. 'भारत स्टेज दोन'पूर्वीच्या मोटारीला तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, तर 'स्टेज चार'च्या मोटारीला ०.३ टक्क्याची, म्हणजे दहापट. तेव्हा जुनी मोटार चालविणाऱ्याने शेजाऱ्याच्या श्वासाची जबाबदारी मानली पाहिजे. तपासणी केंद्रावर कागद मिळविणे म्हणजे ती जबाबदारी पार पडली असे नव्हे. नीट जुळविलेला कार्बोरेटर मुभेच्या बराच खाली राहू शकतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. दोन्ही दुरुस्त होणारे दोष आहेत.

कोठे थांबावे?

प्रत्येक जुन्या मोटारीला एक मर्यादा असते आणि ती वयाने ठरत नाही. तळाचा पत्रा कुजून पाना टेकविण्यासही जागा उरली नसेल, ब्रेक वा स्टिअरिंगचा महत्त्वाचा भाग मिळेनासा झाला असेल, किंवा दुरुस्ती पुढे ढकलल्याखेरीज घरखर्च भागत नसेल, तर थांबावे. पैशाच्या चणचणीत चालविलेली जुनी मोटार ही काटकसर नसून जोखीम असते. अशा वेळी ती रस्त्याच्या कडेला सडत ठेवण्याऐवजी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. २०२१ च्या धोरणानुसार तेथे जमा प्रमाणपत्र मिळते, नव्या वाहनाच्या नोंदणीत त्याचा लाभ होतो आणि आपल्या नावावरील वाहनाची जबाबदारी कायदेशीररीत्या संपते. केवळ विकून टाकलेल्या आणि नावावरच राहिलेल्या मोटारीचा ताप पुढे कित्येक वर्षे पुरतो.

ज्यांचे अंतर कमी, पत्रा शाबूत, मिस्त्री हाताशी आणि वही नीट लिहिलेली आहे, त्यांनी मात्र 'इतकी जुनी कशाला चालवता?' या प्रश्नाने विचलित होण्याचे कारण नाही. आठवड्याला दहा मिनिटे बोनेट उघडण्याची तयारी असेल, तर ती मोटार त्यांना कामावर नेईल आणि संध्याकाळी घरीही आणील. त्या दहा मिनिटांचा कंटाळा असेल, तर नवी मोटार घ्यावी, हेच उत्तम.